भारतातील जबाबदार व्याघ्र पर्यटन

जबाबदार व्याघ्र पर्यटन म्हणजे वाघाच्या नैसर्गिक अधिवासात, वन्यजीवांना व अधिवासाला शक्य तितका कमी उपद्रव होईल आणि जंगलालगत राहणाऱ्या लोकांना त्याचा न्याय्य लाभ मिळेल, अशा रीतीने केलेले पर्यटन होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे, न्यायालयांचे आदेश आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे स्थानिक नियम यांतून भारतातील या पर्यटनाची चौकट तयार झाली आहे. नियमांच्या जोडीला पर्यटक, वाहनचालक, मार्गदर्शक व निवासस्थानांचे चालक यांचे वर्तनही तितकेच निर्णायक ठरते. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प असून त्यांपैकी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी येथे व्याघ्रदर्शनासाठी मोठ्या संख्येने पर्यटक येतात.

संज्ञा

‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून इंग्रजीत व तेथून भारतीय भाषांत आला. त्याचे मूळ प्रवास या अर्थाच्या ‘सफर’ या अरबी शब्दात आहे. मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळातून, फारसीच्या मार्गाने आलेला आहे. युरोपीय शिकाऱ्यांच्या काळात ‘सफारी’चा अर्थ शिकारीची मोहीम असा झाला आणि विसाव्या शतकात बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतल्यावर तो वन्यजीवदर्शनाच्या फेरीला लागू झाला.

भारतात या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित असून त्यांची गल्लत होते. पहिल्या अर्थाने सफारी म्हणजे मोकळ्या जंगलात ठरावीक रस्त्यांवरून वाहनाने केलेली फेरी. दुसऱ्या अर्थाने ती कुंपण घातलेल्या विस्तीर्ण आवारात, बंदिस्त वा बचावलेल्या प्राण्यांना पाहण्यासाठी केलेली फेरी असते. नागपूरजवळील गोरेवाडा प्राणिउद्यानातील सफारी दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रस्तुत लेखात ‘सफारी’ हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे.

इतिहास

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतात वाघाची शिकार कायदेशीर होती आणि परदेशी शिकाऱ्यांसाठी मोहिमा आयोजित करणाऱ्या खासगी कंपन्याही होत्या. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा नवी दिल्ली येथे भरली आणि तेथे वाघाच्या घटत्या संख्येकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातून व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात आरंभी समाविष्ट केलेल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता.

वाघ पाहण्यासाठी जंगलात जाण्याची प्रथा त्याआधीपासूनची आहे. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात रानवाटांवर तारा लावून, वाघाच्या पावलाने आपोआप उडणाऱ्या कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली आणि बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जंगलात जाण्याचा आग्रह धरला. तथापि संरक्षित क्षेत्रांतील सुरुवातीचे पर्यटन आजच्या निकषांवर उतरणारे नव्हते. काही उद्यानांत पर्यटकांना हमखास वाघ दिसावा म्हणून जिवंत जनावर आमिष म्हणून बांधले जाई. मध्य प्रदेशातील कान्हा व बांधवगड येथे माहुतांनी हत्तींच्या साहाय्याने वाघाचा माग काढावयाचा आणि मग पर्यटकांना पाळीपाळीने हत्तीवरून तेथे न्यावयाचे, असा ‘टायगर शो’ नावाने ओळखला जाणारा प्रकार दीर्घकाळ चालला. या दोन्ही प्रथा पुढे बंद झाल्या.

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातील सर्व वाघ नष्ट झाल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृती दलाच्या शिफारशींनंतर अधिनियमात २००६ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणास वैधानिक दर्जा मिळाला. राष्ट्रीय गणनेनुसार २००६ साली देशात सुमारे १,४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत हा अंदाज ३,६८२ पर्यंत पोहोचला. याच काळात महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या १०३ वरून ४४४ वर गेली. वाघ वाढले तसे पर्यटकही वाढले आणि पर्यटनाचे नियमन हा संवर्धनाचाच एक भाग बनला.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २७ अन्वये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी परवाना दिला जातो. याचा अर्थ असा की, संरक्षित क्षेत्रातील पर्यटन ही परवान्याने मिळणारी सवलत असून ती अटींना अधीन असते. अभयारण्यात वन्यप्राण्यास छेडणे किंवा त्रास देणे, कचरा टाकणे, आग लावणे, विनापरवाना शस्त्र नेणे आणि घातक पदार्थ वापरणे यांवर अधिनियमाने बंदी घातली आहे. या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात.

कलम ३८-व्ही नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र आणि बफर क्षेत्र असे दोन भाग असतात. गाभा क्षेत्र वाघांच्या प्रजननासाठी उपद्रवमुक्त ठेवणे अपेक्षित असते, तर बफर क्षेत्रात वन्यजीव आणि माणूस यांच्या सहजीवनाला स्थान असते. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, तर बफर क्षेत्र सुमारे १,१०२ चौरस किलोमीटर आहे.

गाभा उपद्रवमुक्त ठेवावयाचा असेल तर तेथे पर्यटन असावे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने गाभा क्षेत्रांतील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. त्यानंतर प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि १६ ऑक्टोबर रोजी बंदी उठली. या तत्त्वांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन असू नये.
• गाभा क्षेत्रात पर्यटनासाठी नवी बांधकामे करू नयेत.
• प्रत्येक प्रकल्पाने आपली वहनक्षमता, म्हणजे किती वाहने व पर्यटक सामावता येतील याची मर्यादा, ठरवावी.
• वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांत किमान ५० मीटर अंतर राखावे.
• प्राण्यांना आमिष दाखवणे, खाऊ घालणे किंवा वाहनांनी घेरणे निषिद्ध आहे.
• पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा स्थानिक समाजाच्या विकासासाठी वापरावा.

कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाशी संबंधित प्रकरणात १७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुंपणबंद ‘टायगर सफारी’ गाभा क्षेत्रात उभारण्यास मनाई केली, तसेच रात्रीच्या पर्यटनावर आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागांत मोबाइल वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले.

सफारीची रचना

महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पांत सफारी सकाळी आणि दुपारनंतर अशा दोन सत्रांत होते. प्रत्येक प्रवेशद्वारातून एका सत्रात जाणाऱ्या वाहनांची संख्या निश्चित असते. प्रवेशाची नोंदणी प्रामुख्याने ऑनलाइन होते. सहा पर्यटक बसतील अशा उघड्या जिप्सीत चालकाखेरीज नोंदणीकृत मार्गदर्शक असणे बंधनकारक असते. मार्गदर्शक बहुधा जवळच्या गावचा रहिवासी असतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी आणि खुटवंडा या प्रवेशद्वारांतून जाता येते. बफर क्षेत्रासाठी आगरझरीसारखी स्वतंत्र प्रवेशद्वारे आहेत. दर मंगळवारी ताडोबात पर्यटन बंद असते. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. चिखलाचे रस्ते वाहतुकीस योग्य राहत नाहीत आणि जंगलालाही माणसाच्या वर्दळीपासून उसंत मिळते.

वन्यजीवांवरील परिणाम

वाघ वाहनाला पाहून पळत नाही, यावरून त्याला त्रास होत नाही असा समज होतो. तो पूर्णपणे बरोबर नाही. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कान्हा व बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेतील ताणसंबंधित संप्रेरकांच्या अवशेषांचे मापन केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पर्यटनाच्या हंगामात या संप्रेरकांचे प्रमाण पर्यटन बंद असतानाच्या काळापेक्षा अधिक आढळले. वाहनांची व पर्यटकांची संख्या आणि ताण यांत संबंध असल्याचेही त्यात दिसून आले. दीर्घकाळ टिकणारा ताण प्रजननक्षमतेवर व रोगप्रतिकारशक्तीवर विपरीत परिणाम करू शकतो.

उपद्रवाचा दुसरा परिणाम शिकारीवर होतो. वाघाचे बहुतेक हल्ले अयशस्वी ठरतात. एका यशस्वी शिकारीसाठी त्याला अनेकदा प्रयत्न करावे लागतात. दबा धरून बसलेल्या वाघाजवळ एखादे वाहन थांबले किंवा इंजिन सुरू झाले, तर सावध झालेले चितळ निघून जाते आणि तासाभराचा माग वाया जातो. पिल्ले असलेल्या वाघिणीच्या बाबतीत हे नुकसान अधिक गंभीर असते, कारण पिल्ले साधारणतः दीड ते दोन वर्षे तिच्यावर अवलंबून असतात आणि त्यांची भूक तिच्या शिकारीवरच भागते. उन्हाळ्यात पाणवठ्याकडे जाणारी वाट वाहनांनी अडली, तर वाघाबरोबरच सांबर, रानगवा, अस्वल अशा सर्वच प्राण्यांचे पाणी लांबते.

तिसरा परिणाम सवयीचा आहे. वाहनांना सरावलेला प्राणी माणसापासून राखावयाचे अंतर हळूहळू विसरतो. संरक्षित क्षेत्राच्या आत हे निरुपद्रवी वाटते; परंतु वाघ क्षेत्राची हद्द मानीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वाघ शेते, गावे व महामार्ग ओलांडून फिरतात आणि हा जिल्हा मानव-वन्यजीव संघर्षाने दीर्घकाळ ग्रासलेला आहे. पर्यटकाच्या वाहनाला न भिणारा वाघ उद्या मोह वेचणाऱ्या किंवा तेंदूपाने तोडणाऱ्या माणसाच्या समोर येऊ शकतो. तेव्हा त्या माणसाभोवती वाहनाचा पत्रा नसतो.

गर्दी होण्याची कारणे

नियम स्पष्ट असूनही वाघाभोवती वाहनांची गर्दी होते, याची कारणे व्यवहारात आहेत. सफारीचा खर्च मोठा असतो आणि अनेक पर्यटक वर्षातून एकदाच, एक-दोन फेऱ्यांसाठी येतात. वाघ दिसला तरच पैसे वसूल झाले, अशी त्यांची धारणा असते. चालक व मार्गदर्शक यांचे ठरलेले मानधन मर्यादित असून वाघ दिसल्यावर मिळणारी बक्षिशी त्यांच्या उत्पन्नात महत्त्वाची ठरते. निवासस्थानाची ख्यातीही ‘किती वाघ दिसले’ यावर अवलंबून असते. परिणामी वाघ दिसल्याची वार्ता एका वाहनाकडून दुसऱ्याकडे जाते, वाहने वेगाने त्या दिशेने निघतात आणि ‘थोडे पुढे घ्या’ या आग्रहापुढे अंतराचा नियम मोडतो. नियम मोडल्यास निलंबन वा दंड बहुधा चालक व मार्गदर्शक यांच्या वाट्याला येतो. आग्रह करणारा पर्यटक मात्र घरी परतलेला असतो. म्हणूनच जबाबदारीचा आरंभ पर्यटकाच्या अपेक्षेपासून होतो, असे या क्षेत्रात काम करणारे मानतात.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला येथील घटना

नागपूर व भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी ‘एफ-२’ या क्रमांकाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. या प्रसंगाची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरल्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. वनविभागाने संबंधित चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या घटनेची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. वर्षअखेरची गर्दी, पिल्लांचे आकर्षण आणि चित्रीकरणाची चढाओढ या तिन्ही बाबी एकत्र आल्यास काय घडते, याचे हे उदाहरण म्हणून उल्लेखिले जाते. उल्लेखनीय बाब अशी की, नियमभंग उघड झाला तोही पर्यटकांनी घेतलेल्या चित्रफितींमुळेच.

नामांकित वाघ आणि प्रसिद्धी

वनविभाग वाघांची ओळख क्रमांकाने ठेवतो. पर्यटक व मार्गदर्शक त्यांना नावे देतात. ताडोबातील माया, वाघडोह, मटकासुर, छोटी तारा ही नावे राज्याबाहेरही परिचित झाली. नावामुळे लोकांची आपुलकी वाढते आणि एखादा वाघ दिसेनासा झाल्यास त्याची चौकशी होते, हा प्रसिद्धीचा लाभ आहे. नागझिऱ्यातून २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला ‘जय’ हा वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला, तेव्हा त्याचा शोध हा राज्यभर चर्चेचा विषय बनला होता.

याच उदाहरणातून प्रसिद्धीची दुसरी बाजूही दिसते. एका वाघाच्या नावावर उभे राहिलेले पर्यटन तो वाघ गेल्यावर ओसरते आणि त्यावर विसंबून कर्ज काढून वाहन घेतलेल्या स्थानिक कुटुंबांना त्याचा फटका बसतो. नामांकित वाघाच्या क्षेत्रात वाहने एकवटतात, तर उर्वरित जंगलातील रस्ते रिकामे राहतात. समाजमाध्यमांवर छायाचित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर केल्याने गर्दी वाढते. शिवाय अशी माहिती चोरट्या शिकाऱ्यांच्याही हाती पडू शकते.

पर्यटकांसाठी आचारसंहिता

व्याघ्र प्रकल्पांच्या नियमांत व मार्गदर्शकांच्या सूचनांत सामान्यतः पुढील बाबींचा समावेश असतो :

• शांतता : मोठ्याने बोलणे, हाका मारणे, शिट्ट्या वाजवणे व संगीत लावणे टाळावे. जंगलात प्राणी शोधण्याचे मुख्य साधन कान हेच असते. चितळ, सांबर, भेकर व वानर यांचे धोक्याचे इशारे गोंगाटात ऐकू येत नाहीत.
• वाहनात राहणे : ठरवून दिलेल्या थांब्यांखेरीज वाहनातून उतरू नये, उभे राहून बाहेर झुकू नये. वाहन ही एक मोठी, परिचित आकृती म्हणून प्राण्याला सवयीची असते. त्यातून वेगळा झालेला माणूस त्याला भय किंवा आक्रमण यांचे कारण वाटू शकतो.
• अंतर आणि वाट : प्राण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. चालकास पुढे जाण्याचा, रस्ता सोडण्याचा अथवा वेगमर्यादा ओलांडण्याचा आग्रह करू नये.
• वेळ : एकाच प्राण्याजवळ दीर्घकाळ थांबू नये. पिल्ले, मीलन, शिकार व पाणी पिणे या प्रसंगी विशेष संयम बाळगावा. प्राणी कान मागे घेऊ लागला, शेपटी आपटू लागला, गुरगुरला किंवा वारंवार दिशा बदलू लागला, तर माघार घ्यावी.
• छायाचित्रण : फ्लॅश आणि ड्रोन वापरू नयेत. मोबाइलविषयीचे निर्बंध पाळावेत. प्राण्याने वळून पाहावे म्हणून आवाज काढणे ही छेडछाडच होय.
• खाद्य व कचरा : प्राण्यांना, विशेषतः वानरांना, काहीही खाऊ घालू नये. प्लॅस्टिक व अन्नाचे अवशेष परत आणावेत.
• आग : धूम्रपान करू नये. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्याने भरलेल्या मध्य भारतातील पानगळीच्या वनांत एक ठिणगीही वणव्याला पुरेशी असते.
• पोशाख : जंगलाशी मिळतेजुळते फिकट रंगाचे कपडे घालावेत. भडक रंग व उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत.
• बक्षिशी : वाघ दिसला किंवा नाही, यापेक्षा मार्गदर्शकाने दिलेली माहिती व पाळलेले नियम पाहून बक्षिशी द्यावी. नियम पाळल्याने दर्शन हुकल्यास त्या मार्गदर्शकाची प्रशंसा नोंदवहीत करणे हेही साहाय्यच ठरते.

स्थानिक समाज

ताडोबाच्या जंगलात व परिसरात गोंड, माना इत्यादी समाजांची पूर्वापार वस्ती आहे. ‘ताडोबा’ हे नाव गोंडांचे दैवत तारू याच्याशी जोडले जाते. आख्यायिकेनुसार तारू हा गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला आणि पुढे देवत्वास पोहोचला. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे स्थान असून पौष महिन्यात तेथे आदिवासींची जत्रा भरत असे. पर्यटक ज्याला ‘वाघांचे जंगल’ म्हणून पाहतात, ते अन्य कोणाचे तरी देवस्थान व पूर्वजांची भूमी आहे, याचे भान जबाबदार पर्यटनात अभिप्रेत असते.

गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव इत्यादी गावांचे पुनर्वसन क्षेत्राबाहेर झाले. ज्या भूमीतून रहिवाशांना उठवले, तेथे पर्यटकांना प्रवेश देणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. त्याचे अंशतः उत्तर लाभाच्या वाटपात शोधले जाते. अधिनियमाच्या कलम ३८-एक्स नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले असून प्रवेशशुल्काचे उत्पन्न त्याच्यामार्फत संवर्धन व ग्रामविकास यांसाठी वापरता येते. महाराष्ट्र शासनाची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना बफर क्षेत्रातील गावांना स्वयंपाकाचा गॅस, पर्यायी रोजगार व तत्सम सुविधा पुरवते. सरपणासाठी जंगलात जाण्याची गरज कमी झाली की, वाघाशी समोरासमोर गाठ पडण्याचे प्रसंगही कमी होतात. मार्गदर्शक व चालक म्हणून स्थानिक युवक काम करतात; ताडोबात महिला मार्गदर्शकांचाही त्यात सहभाग आहे.

तथापि हा लाभ सर्वांपर्यंत पोहोचत नाही. कृती कारंथ व रूथ डिफ्रीस यांनी भारतातील दहा संरक्षित क्षेत्रांतील पर्यटनाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार पर्यटकांची संख्या दरवर्षी सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढत होती. मात्र या उद्यानांच्या परिसरातील लोकसंख्येपैकी अत्यल्प लोकांनाच पर्यटनातून प्रत्यक्ष रोजगार मिळत होता. पिकांचे नुकसान, गुरांची हानी आणि जिवाचा धोका गावाने सोसावयाचा व नफा बाहेरच्या गुंतवणूकदाराने न्यावयाचा, अशी स्थिती निर्माण झाल्यास वाघाविषयीची स्थानिक सहिष्णुता ओसरू लागते.

निवासव्यवस्था आणि भ्रमणमार्ग

पर्यटकाचा परिणाम प्रवेशद्वाराच्या आतच संपत नाही. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीवर दाटीने उभारलेली निवासस्थाने, त्यांची कुंपणे, रात्रीचे प्रखर दिवे, ध्वनिक्षेपक आणि भूजलाचा उपसा यांमुळे वन्यजीवांचे भ्रमणमार्ग खंडित होऊ शकतात. कॉर्बेट प्रकल्पाच्या पूर्वेकडील कोसी नदीकाठच्या निवासस्थानांमुळे प्राण्यांना नदीकडे जाण्यास होणारा अडथळा हे त्याचे बहुचर्चित उदाहरण आहे. ताडोबातील वाघ उमरेड-कऱ्हांडला, बोर व नवेगाव-नागझिरा यांच्या दिशेने स्थलांतर करतात. त्यामुळे येथील भ्रमणमार्ग संपूर्ण विदर्भातील वाघांच्या जनुकीय आरोग्याशी निगडित आहेत. निवासस्थान निवडताना कुंपण, सांडपाणी व कचऱ्याची व्यवस्था, स्थानिक कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि रात्रीची शांतता या बाबींची चौकशी करणे पर्यटकाला शक्य असते.

वाघापलीकडचे जंगल

केवळ वाघावर केंद्रित झालेल्या पर्यटनाला पर्याय म्हणून संपूर्ण जंगल पाहण्याची दृष्टी पुढे आली आहे. ताडोबात साग, बांबू, ऐन, तेंदू, मोह यांचे वन असून बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, रानगवा, चौसिंगा, नीलगाय, मगर आणि विविध पक्षी आढळतात. पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरील ओरखडे, वारुळे, पाणवठ्यावरची ये-जा यांतून जंगल वाचता येते आणि हे वाचन वाघाच्या उपस्थितीवर अवलंबून नसते.

मराठीत या दृष्टीची परंपरा आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव, नागझिरा व मेळघाट येथील दीर्घ वास्तव्यातून पक्षी, वृक्ष, वनवासींची भाषा व ज्ञान यांविषयी विपुल लेखन केले. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक तेथील अरण्यातील मुक्कामावर आधारित आहे. महाराष्ट्र वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्याचे निरीक्षण करण्याचा ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम राबवत आला आहे. त्यात सहभागी व्यक्ती एकाच जागी रात्रभर बसून जे येईल ते पाहते. वाघाच्या पाठीमागे धावणे त्यात नसते.

अन्य देशांतील नियम

वन्यजीवदर्शनात अंतर, संख्या व वेळ यांवर मर्यादा घालण्याची पद्धत जगभर आढळते. रवांडातील पर्वतीय गोरिलांच्या एका गटाला दिवसातून जास्तीत जास्त आठ पर्यटकांचा एकच गट भेट देऊ शकतो आणि त्यांना सुमारे एक तास थांबता येते. माणसाचे श्वसनविकार गोरिलांना जडू शकत असल्याने तेथे अंतराचा नियम अधिक कडक आहे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वले व लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) आणि अन्य बहुतेक प्राण्यांपासून २५ यार्ड (सुमारे २३ मीटर) अंतर राखावे लागते. केनियातील मसाई मारा येथे विल्डबीस्ट या प्राण्यांच्या नदी ओलांडण्याच्या काळात होणारी वाहनांची गर्दी हा तेथील व्यवस्थापनापुढचा प्रश्न असून तो भारतातील व्याघ्र पर्यटनाच्या प्रश्नाशी साम्य दाखवतो.

मतभेद

व्याघ्र पर्यटनाविषयी अभ्यासकांत दोन प्रमुख मतप्रवाह आहेत. एका मतानुसार गाभा क्षेत्रात कोणतेही पर्यटन नसावे. संशोधन व संरक्षण वगळता तेथे माणसाचा वावर नसणे हेच वाघाच्या हिताचे आहे. दुसऱ्या मतानुसार नियंत्रित पर्यटनामुळे जंगलात दररोज साक्षीदार असतात, चोरट्या शिकारीला आळा बसतो, गावांना वाघाच्या अस्तित्वात आर्थिक रस निर्माण होतो आणि शहरातील नागरिकांत संवर्धनाची भावना रुजते. सरिस्कातील वाघ पर्यटन चालू असतानाच नष्ट झाले, याकडे पहिल्या मताचे पुरस्कर्ते लक्ष वेधतात. तर पर्यटक येत नाहीत अशा अनेक जंगलांत वाघांची स्थिती अधिक बिकट आहे, असे दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते दाखवून देतात. पर्यटनाचा भार गाभ्याकडून बफर क्षेत्राकडे वळवावा, यावर मात्र मोठ्या प्रमाणात एकमत आहे. तसे करताना बफर क्षेत्रातील गावकऱ्यांचे गुरे चारण्याचे व वनोपज गोळा करण्याचे हक्क, तसेच वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये मिळालेले अधिकार अबाधित राहणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

• ताडोबा अंधारी व्याघ्र प्रकल्प
• व्याघ्र प्रकल्प
• राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
• उमरेड पवनी कऱ्हांडला अभयारण्य
• मारुती चितमपल्ली
• मानव-वन्यजीव संघर्ष